यशराजची क्रमपाळी

सकाळचे साडेसहा वाजले होते आणि यशराजने आपले दोन्ही पाय पँटच्या एकाच पायात घातले होते. तशा अवस्थेत तो ओसरीभर टुणटुण उड्या मारत होता, आणि त्याची आई स्वरूपा एका हातात त्याचा टाय, दुसऱ्या हातात स्वतःचा डबा घेऊन त्याच्यामागे पळत होती.

"अरे, पँटच्या त्या रिकाम्या पायानं तुझं काय घोडं मारलंय? घाल की त्यात पाय!"

"तितला पाय उद्या घालनार," यशराज म्हणाला.

पोरगं चार वर्षांचं, यंदा जूनलाच सणसरजवळच्या इंग्रजी शाळेत छोट्या गटात गेलेलं. स्वरूपाला तीन महिन्यांपूर्वी बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी लागली होती. कंपनीची बस पावणेसातला फाट्यावर यायची आणि कुणाच्या बापासाठी थांबायची नाही. ती दोनदा चुकली होती. तिसऱ्यांदा चुकली तर घरीच बसा, असं साहेबाने हसत हसत सांगितलं होतं, आणि साहेब हसला की तो खरं बोलतो असा कंपनीचा अनुभव होता.

घरातल्या बाकीच्यांचा उपयोग नव्हता. नवरा ऋषिराज अंधारातच दुधाचे कॅन घेऊन डेअरीला जायचा. सासूबाई प्रयागबाईंना मोतीबिंदू. त्यांनी एकदा यशराजच्या शर्टाची बटणं लावली, ती स्वतःच्या पदरासकट. आजी आणि नातू दुपारपर्यंत एकमेकांना जोडलेले बसून होते. सासरे गेणबा जन्मभर धोतरात वावरलेले, पँटच्या चेनला ते उघड्या वायरइतके घाबरायचे.

त्यात शाळेतून पत्र आलं. पुढच्या शनिवारी 'माझे कपडे मीच घालतो' असा कार्यक्रम आहे. ज्या मुलाला गणवेश घालता येणार नाही, त्याच्या आईने महिनाभर रोज वर्गात बसून त्याला शिकवावं.

स्वरूपा मटकन पायरीवर बसली. "झालं! आबा, मी नोकरीच सोडते."

या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी स्वरूपा ही पहिली बाई. ती ओळखपत्र गळ्यात घालून फाट्याकडे निघाली की गेणबा उगाचच रस्त्यावर येऊन उभे राहायचे, चार लोकांनी विचारावं म्हणून. ते ताडकन म्हणाले, "सोडायची न्हाय! बत्तीस वर्सं मी हजार एकर ऊस वेळंत तोडून घेतलाय. ह्ये एवढंसं पोर कापडं घालंना व्हय? आठ दिसांत तयार करतो."

गेणबा साखर कारखान्यात चिटबॉय होते. नावात बॉय असलं तरी त्याच हुद्द्यावर ते अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले. कुणाचा ऊस कधी तोडायचा याची कारखान्यात क्रमपाळी लागते. पाळी आली की चिटबॉय तोडीची चिठ्ठी देतो, आणि चिठ्ठी असल्याशिवाय फडात कोयता पडत नाही. गेणबांना जगातली दुसरी कोणतीही पद्धत ठाऊक नव्हती. त्यांनी यशराजच्या कपड्यांचीच क्रमपाळी लावली. एक नंबर बनियन, दोन शर्ट, तीन पँट, चार पट्टा, पाच टाय, सहा मोजे, सात बूट. चड्डी मात्र त्यांनी अत्यावश्यक सेवेत धरून पाळीतून वगळली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गेणबा कानाला पेन लावून ओसरीवर बसले. "हं, ही एक नंबरची चिठ्ठी. बनियन घालून दाखीव, मग दोन नंबर मिळंल. चिठ्ठीबिगर तोड न्हाय, काय?"

"न्हाय," यशराज गंभीरपणे म्हणाला.

आणि नवल म्हणजे पोरगं लागलं की कामाला! शर्ट उलटा घातला की गेणबा चिठ्ठी परत घेत. "माल कच्चा हाय. पुन्ना आणा." की यशराज निमूटपणे शर्ट काढून सुलटा करी. चौथ्या दिवशी सातही चिठ्ठ्या अकरा मिनिटांत संपल्या. स्वरूपाला बस मिळाली, वर बसायला खिडकीही मिळाली.

पण पोराने कायदा जरा जास्तच मनावर घेतला. ऋषिराज डेअरीवरून येऊन अंघोळीला गेला आणि टॉवेल गुंडाळून बाहेर आला, तर यशराज कपाटाला पाठ लावून उभा. "पप्पा, चिठ्ठी?"

"कसली चिठ्ठी? सर बाजूला, माझी मीटिंग हाय."

यशराजने असा टाहो फोडला की शेजारची माणसं कुंपणाशी जमली. शेवटी ऋषिराजला टॉवेलवरच ओसरीवर येऊन बापापुढे उभं राहावं लागलं. गेणबांनी मान वर न करता विचारलं, "नाव?"

"आबा, आता तुमीपन?"

"नेम म्हंजी नेम. नाव सांग."

इथवर घरचं घरात होतं. पण यशराजने हा कायदा वर्गातल्या जिवलग दोस्ताला, आरिफला, सांगितला. बुधवारी सकाळी त्याचा बाप, फाट्यावरचा पंक्चरवाला फारुक, आरिफला मोटरसायकलवर पुढं बसवून हजर झाला. आरिफच्या अंगात बनियन होतं आणि शर्ट हँडलला लटकत होता.

"तात्या, काय येड लावलं ओ पोरास्नी? बनियन कसंबसं घातलं. शर्ट घालंना. म्हनतंय, दोन नंबरची चिठ्ठी गेणबातात्याकडनं आणा."

"तू दिऊन टाकायची की एखादी."

"दिली! बिलाच्या पावतीमागं लिवून दिली. म्हनतंय, ही बोगस हाय."

गेणबांनी नवी चिठ्ठी फाडून दिली आणि आरिफने जागच्या जागी शर्ट घातला. गुरुवारी नऊ पोरं आली, शुक्रवारी अख्खा वर्ग. बावीस अर्धवट कपड्यांतली पोरं ओसरीपासून गोठ्यापर्यंत रांगेत, आणि आयाबाप हातात बूट धरून उभे. मग जे फडात चालतं ते इथेही सुरू झालं. एकाने गेणबांना चहा आणला, दुसऱ्याने पेरू. सोसायटीच्या एका संचालकाने फोन करून आपल्या नातीचे, छकुलीचे, मोजे आधी घ्यायला सांगितलं. "तिचे मोजे वाळूनशान तयार हायेत तात्या. लई थांबले तर वजन घटंल!"

गेणबांची कळी खुलली होती. रिटायर झाल्यापासून त्यांना इतकं कुणी विचारलं नव्हतं. प्रयागबाई मात्र म्हणाल्या, "लई नाचू नगा. ही चिठ्ठी उद्या शाळंत कोन देनार?"

या एका प्रश्नाने गेणबांची झोप उडाली.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये बावीस पोरं सतरंजीवर बसली. प्रत्येकापुढे गणवेशाची घडी. स्वरूपा अर्ध्या दिवसाची रजा काढून मागे उभी होती, शेजारी गेणबा बसले होते. मोठ्या मॅडमनी टाळी वाजवली. "चला मुलांनो, सुरू करा!"

एकही पोर हललं नाही. चव्वेचाळीस डोळे गेणबांकडे लागले.

मॅडमनी पुन्हा टाळी वाजवली. मग इंग्रजीत सांगितलं. मग चॉकलेट दाखवलं. शेवटी कपाळाला आठ्या घालून त्या म्हणाल्या, "यांच्यापैकी कुणालाच येत नाही की काय? मग सोमवारपासून सगळ्या आयांनी—"

स्वरूपाचा चेहरा पडला. गेणबांचा हात खिशातल्या चिठ्ठ्यांकडे गेला.

"आजोबा, चिठ्ठ्याबिठ्ठ्या चालणार नाहीत," मॅडमनी हटकलं. " मुलांनी स्वतःहून घालायला हवेत."

गेणबा उभे राहिले. "पोरांनू, आज बिनचिठ्ठीचं घाला. माझी परवानगी हाय."

यशराज उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आबा, तुमीच म्हनला व्हता. चेरमनचा ऊस आसला तरी चिठ्ठीबिगर तोडायचा न्हाय!"

गेणबांना घाम फुटला. वर्षातून फक्त एकाच दिवशी चिठ्ठीला कुणी विचारत नाही हे त्यांना आठवलं. त्यांनी छाती भरून घेतली आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली.

"ऐका हो! कारखाना आज बंद हुतोय! हंगाम संपला! ज्याचं त्यानं घाला, ऱ्हायलं त्याचं ऱ्हायलं!"

उसाच्या घरात वाढलेली पोरं ती. ऊस फडात उभा राहिला आणि कारखाना बंद झाला की घरात काय कल्लोळ होतो, हे त्यांनी पाळण्यातून ऐकलेलं. एकच गलका उठला. बनियन, शर्ट, पट्टे हवेत उडू लागले. साडेतीन मिनिटांत बावीसच्या बावीस पोरं नखशिखांत कपड्यांत उभी होती. यशराजच्या अंगात छकुलीचा फ्रॉक होता, छकुलीने दोन टाय लावले होते आणि आरिफने तीन बूट मिळवून एक काखेत धरला होता. पण बटणं सगळ्यांची लागलेली होती आणि ती त्यांनी स्वतः लावली होती.

मॅडम एकेका पोराची बटणं तपासत फिरल्या. मग वहीत सगळ्यांपुढे बरोबरची खूण करत गेल्या. स्वरूपाने भर सभेत सासऱ्यांच्या पाया पडून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, गेणबांच्याही होतं.

सोमवारी सकाळी सव्वासहालाच यशराज न सांगता, न विचारता, टाय-बुटासकट तयार झाला. स्वरूपा ऐटीत फाट्याकडे गेली. गेणबांनी दप्तर उचललं. "चला यशराजराव, शाळंत."

यशराज ओसरीवर मांडी घालून बसला. "शाळा बंद."

"कुनी सांगितलं?"

"तुमीच. हंगाम संपला न्हवं? आता दिवाळीनंतर."

गेणबांनी समजावलं, चुचकारलं, दटावलं. पोरगं ढिम्म. तेवढ्यात फारुकचा फोन. "तात्या, आरिफ कडक कपडे घालून खाटंवर बसलाय. म्हनतंय, बॉयलर थंड झाला." मग छकुलीच्या घरून फोन, मग मोठ्या मॅडमचा. वर्गात एक पोर नव्हतं. बावीस घरांत बावीस पोरं इस्त्रीच्या कपड्यांत हंगाम सुरू व्हायची वाट बघत बसली होती. मॅडमचा आवाज चढला होता. "दहापर्यंत मुलं आली नाहीत तर सगळ्यांच्या आयांना कामावरून बोलवून घेईन मी!"

"कुनाला बोलवू नगा," गेणबा घाईने म्हणाले. "फकस्त एक नारळ आणून ठेवा."

'आज नवा हंगाम सुरू' असा निरोप बावीसही घरी गेला, आणि साडेनवाला शाळेच्या फाटकाला झेंडूचं तोरण लागलं. शिपायाने हळद-कुंकू आणलं. ज्या शाळेत मराठी बोललं तर मुलांना कोपऱ्यात उभं करत, त्या शाळेच्या मोठ्या मॅडमनी डोक्यावर पदर घेऊन फाटकाची पूजा केली, उदबत्ती ओवाळली आणि नारळ फोडला. बावीस पोरं रांगेत उभी राहून खात्री करून घेत होती. हंगाम सुरू होताना कारखान्यात उसाची पहिली मोळी टाकतात, तसं गेणबांनी यशराजला कमरेत धरून उचललं आणि गजरात आत सोडलं. मागोमाग बाकीची पोरं भराभरा आत गेली.

मॅडमनी पदर सारखा केला, घाम पुसला आणि गेणबांच्या जवळ येऊन हळूच विचारलं, "आजोबा, आता हा हंगाम किती दिवस चालेल?"

गेणबांनी आत धावणाऱ्या पोरांवर एक अनुभवी नजर टाकली.

"एप्रिलपतूर काळजी न्हाय मॅडम. औंदा माल भरपूर हाय."