राजवाड्याच्या दारातला राजा

तोशपुलातने त्या दिवशी चहाच्या वाटीतून तोंड वर काढून नुसतं एवढंच म्हटलं, "राजवाडा तर राजवाडा. त्यात काय एवढं?" आणि पुन्हा वाटीत तोंड घातलं. (ते तसंच वाटीत राहिलं असतं, तर त्याचा पुढचा सगळा उन्हाळा बरा गेला असता.)

विषय मुलीच्या सुझनीचा होता. मखलियोचं लग्न द्राक्षं उतरल्यावर ठरलं होतं, आणि नुराता गावात मुलगी सासरी जाते ती भिंतभर रेशमी भरतकाम घेऊनच. सासरच्या बायका आधी सुझनी बघतात, मग सून. त्या सुझनीवर डाळिंबं असतात, वेली असतात, सूर्यासारखी गोल फुलं असतात. मखलियोला मात्र परीकथेतला राजवाडा हवा होता. टोकदार बुरूज, वर निशाणं, सगळं.

"डाळिंबानं पोरंबाळं होतात," तिची आई होसियत कडाडली. "बुरुजानं काय होणार? कबुतरं?"

"माझी सुझनी आहे, आई! डाळिंबं काय, सगळ्या गल्लीच्या भिंतींवर आहेत."

"मग गल्लीतल्या बायका काय वेड्या?"

इथे तोशपुलातने वर सांगितलेलं वाक्य उच्चारलं. घरात शांतता राहावी एवढाच त्याचा हेतू होता. शांततेसाठी हा माणूस काहीही बोलतो, आणि नेमकं तेच त्याचं दुखणं आहे.

नक्षी आखायला म्हातारी हमरो मावशी आली. तिने कापडाच्या चार अरुंद पट्ट्या कच्च्या टाक्यांनी जोडल्या, त्यावर काडीने राजवाडा आखला आणि मधोमध मोठं दार काढलं.

"दारात एक राजा काढा," तोशपुलात म्हणाला. "राजवाडा आहे आणि राजा नाही, हे कसं दिसेल?"

"सुझनीवर माणूस?" मावशीने काडी खाली ठेवली. "तुझी पोरगी येडी, की तू?"

"छोटासाच काढा. मिशा मात्र भरघोस."

मावशीने पुटपुटत राजा काढला. त्याचं पोट हुबेहूब तोशपुलातचं निघालं, त्यामुळे राजा कोण हे कुणाला विचारावं लागलं नाही. मग तिने कच्चे टाके ओढून पट्ट्या सुट्या केल्या आणि बजावलं, "राजाचं तोंड बरोबर जोडावर येतंय. ते पट्ट्या जोडल्यावर भरा. आणि कुठेतरी एक पान कोरं ठेवायला विसरू नका. सुझनी पुरी भरली, की पोरीचं सुखही तिथेच भरून संपतं."

रीतीप्रमाणे डावीकडच्या दोन पट्ट्या आईने भरायच्या आणि उजवीकडच्या दोन आत्याने. आत्या म्हणजे तोशपुलातची थोरली बहीण झुलैहो ओपा (ओपा म्हणजे ताई), पाण्याच्या पाटापलीकडे राहणारी. आणि होसियत व झुलैहो ओपा गेल्या वसंतापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. सणाचं सुमलक, म्हणजे गव्हाची खीर, कढईच्या बुडाला लागलं, तेव्हा पळी कुणाच्या हातात होती, यावरून ते भांडण झालं होतं. दोघीही म्हणायच्या, "माझ्या हातात नव्हती." म्हणजे पळी आपली आपणच फिरत होती!

तेव्हा राजवाड्याचे रंग आणि टाके ठरवायला दोघींच्या मधे उरले फक्त तोशपुलात आणि त्याची सायकल.

"ओपांना सांगा," होसियत म्हणाली, "भिंती डाळिंबी लाल. टाका बास्माचा. लांब धागा अंथरायचा आणि वरून बारीक टाक्यांनी दाबून बसवायचा. नीट. त्यांना नीट म्हणजे काय ते ठाऊक असेल, तर."

शेवटचं वाक्य गाळून तोशपुलातने निरोप पोचवला.

"लाल?" झुलैहो ओपाने हातातली कणीक आपटली. "राजवाडा आहे की खाटकाचं दुकान? तिला सांग, निळा. आणि आरीने साखळीचा टाका. बास्मा घालायला मला काय दुसरा उद्योग नाही?"

तोशपुलात उन्हात सायकल मारत परत आला. पाटाच्या कडेला उतरून त्याने तोंडावर पाणी मारलं आणि संतापाने स्वतःशीच मोठ्याने बोलला, "निळा सांगितला तर ही पेटणार. लाल सांगितला तर ती पेटणार. आणि भाजणार कोण? मी!" पाटात पोहणाऱ्या बदकांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिलं. बाकी कुणाची सहानुभूती मिळण्यासारखी नव्हती.

घरी येऊन तो म्हणाला, "ओपा म्हणाल्या, लाल एकदम छान."

"म्हणाल्या?"

"म्हणाल्या, होसियतची नजरच वेगळी."

दुसऱ्या दिवशी पाटापलीकडे जाऊन तो म्हणाला, "होसियत म्हणते, ओपा म्हणतील तसं. निळा."

"असं म्हणाली ती?" ओपाने जरा संशयाने त्याच्याकडे पाहिलं, पण खुशीने चार जर्दाळू त्याच्या हातावर ठेवले.

हे इतकं सोपं निघेल असं त्याला वाटलंच नव्हतं. पुढे बुरूज, निशाणं, खिडक्या, राजाचा अंगरखा, जे जे विचारलं त्याला दोन्हीकडे "हो" मिळत गेलं. कोरं पान कोण ठेवणार? "ओपा ठेवताहेत." तिकडे, "होसियत ठेवतेय." नजर लागू नये म्हणून दोघींनी आपापल्या पट्ट्या गुंडाळून झाकून ठेवल्या होत्या, त्यामुळे कुणी काही पाहिलं नाही. मिशांसाठी काळं रेशीम मात्र तोशपुलातने स्वतः बाजारातून निवडून आणलं. दुकानदाराला तीनदा बदलायला लावलं. काळ्यातही त्याला भरघोस काळा हवा होता.

रुखवत निघायच्या आदल्या दिवशी सकाळी झुलैहो ओपा पट्ट्या घेऊन आली. तुतीखालच्या बाजेवर एका टोकाला ती बसली, दुसऱ्या टोकाला होसियत, मधे हमरो मावशी. मावशीने पट्ट्या शेजारी शेजारी उलगडल्या.

मखलियो बघायला पुढे वाकली.

डावा राजवाडा लाल, उजवा निळा. डावीकडे धागे गादीसारखे जाड, उजवीकडे साखळ्याच साखळ्या. एका बुरुजावर पिवळं निशाण, दुसऱ्यावर हिरवं. आणि दारात राजा: एक पाय लाल, एक निळा, पोटाची डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं खाली.

"हे काय आहे?" मखलियोचा आवाज चढला. "हे काय आहे, मी विचारते!"

"तुम्ही म्हणालात ओपांना लाल छान वाटला!" होसियत उठून उभी राहिली.

"तू म्हणालास, 'ओपा म्हणतील तसं' असं ही म्हणाली!" ओपाही उठली.

"मी? मी असं म्हणाले?"

"तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तू आणि असं म्हणणार!"

"आणि माझी नजर वेगळी, असं तुम्ही म्हणालात?" होसियतने नणंदेला विचारलं.

"मेले तरी म्हणणार नाही!"

मग दोघी एकदम तोशपुलातकडे वळल्या. तो तुतीच्या बुंध्याला टेकला होता, पण बुंधा मागे सरकेना. आणि तिथे त्याचा उन्हाळाभराचा राग उफाळून वर आला.

"हो, मीच!" तो ओरडला. "मी खोटं बोललो! एका कढईसाठी तुम्ही सहा महिने तोंडं शिवून बसलात, आणि मी पाट ओलांडतोय! माझ्या सायकलच्या टायरला विचारा! एका पाटाच्या दोन काठांना राहता, एकदा हाक मारली असती तर झालं असतं! माझी पोर उद्या चालली, आणि तिच्या घरात एक शहाणं माणूस नाही!"

शेजारणी भिंतीवरून डोकावल्या. मखलियो रागाने रडत होती, पण नाक पुसून तिने पट्ट्यांवर हात ठेवला.

"असाच नेणार," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर सांगेन, लाल ती आई, निळी ती आत्या. भिंतीवर तरी शेजारी शेजारी राहा."

दोघी बायकांनी माना खाली घातल्या. होसियतने सुई ओवली. ओपाने दुसरं टोक धरलं. जोडायला सुरुवात झाली.

"कोरं पान कुठंय?" हमरो मावशीने विचारलं.

"ओपांनी ठेवलंय."

"मी? तू ठेवलंयस ना?"

पुन्हा दोन माना तोशपुलातकडे वळल्या. सगळी सुझनी गच्च भरलेली होती. एकही पान, एकही वीट, एकही खिडकी कोरी नव्हती. मखलियोचा चेहरा पांढरा पडला, तशी होसियतही घाबरली. पोरीच्या सुखाचा प्रश्न होता, आणि रेशीम उसवायला वेळ नव्हता.

तोशपुलातने हळूच खिशातून काळ्या रेशमाची लड काढली. "राजाचं तोंड तेवढं राहिलंय," तो म्हणाला. "मिशांचं रेशीम मी आणलंय."

झुलैहो ओपाने राजाकडे पाहिलं. मग होसियतकडे. होसियतने राजाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"डोकं राहू दे कोरं," ओपा म्हणाली.

"मीही तेच म्हणणार होते, ओपा. आहे तसाच हुबेहूब दिसतोय."

मखलियो रडता रडता फसकन हसली. हमरो मावशीने "चांगलं आहे" म्हणून दोरा तोडला. तोशपुलातने लड परत खिशात घातली आणि तो चहा करायला आत गेला. थोड्या वेळाने किटली घेऊन बाहेर आला, तर दोघी एकाच उशीला टेकून त्या जळलेल्या कढईबद्दल बोलत होत्या, आणि दोष तिसऱ्याच कुठल्या तरी शेजारणीवर गेलेला होता. सवयीनं तो आधी बायकोकडे वाकला.

"होसियत, ओपांना हिरवा चहा देऊ की काळा?"

"आमचं आम्ही बोलतो," ओपा म्हणाली. "तू मधे पडू नकोस."