सत्त्याण्णव टक्के

कॉम्प्युटरच्या डिस्कची तपासणी दर रविवारी आपोआप व्हावी, अशी सोय कपेंब्वांनी करून घेतली आणि तिथंच घोटाळा झाला. दुरुस्तीवाला म्हणाला होता, "काका, डिस्क म्हातारी झालीय. नेमानं तपासा, नाहीतर एक दिवस पटकन जाईल." कपेंब्वा घाबरले. बायको गेल्यापासून त्यांच्याशी बोलणारं माणूस म्हणजे कॅनडातली लेक कसोंडे, आणि ती भेटायची ती रविवारी दुपारी, या कॉम्प्युटरवर. तोच गेला तर तोंड उघडायचं कुणापुढं?

म्हणून त्यांनी सकाळची, चर्चला जायची वेळ लावली. पण लुआन्शा गावातली वीज काय कुणाच्या बापाची आहे? त्या रविवारी ती सकाळी आलीच नाही. दुपारी आली, आणि बटण दाबताच यंत्रानं सकाळची राहिलेली तपासणी काढली. काळ्या पडद्यावर नुसते आकडे! मधेच वीज गेली. परत आली, तर पुन्हा पहिल्यापासून.

मोबाइलची बॅटरी संपलेली. घरात धड सॉकेट एकच, त्यात कॉम्प्युटर. "मधे वायर काढलीत तर डिस्क गेलीच समजा," असा दुरुस्तीवाल्याचा दमही मिळालेला. कपेंब्वा आकड्यांसमोर बसून राहिले. सत्त्याण्णव टक्क्यांवर मात्र पोट ऐकेना, तेव्हा ते परसातल्या संडासाकडं पळाले, आणि तिथं चांगले तासभर अडकले.

तिकडं कसोंडेनं शेजारच्या म्विलाच्या आईला फोन केला होता. "मावशी, बाबा उचलत नाहीत. जरा बघता?" मावशी लग्नघरी. तिनं जावेला सांगितलं, जावेनं चर्चच्या सिचोनेंना. तिसऱ्या तोंडापर्यंत कपेंब्वा वारले होते. सिचोनेंनी येऊन रिकामी खुर्ची पाहिली आणि शवागारात नेलं असणार, असं ठरवून टाकलं.

मग काय! मयताच्या घरी बैठकीची खोली रिकामी करायची, बायकांनी आत जमिनीवर बसून रडायचं, पुरुषांनी अंगणात शेगडी पेटवायची. या कामात लुआन्शाचा हात कोण धरणार? कपेंब्वा परतले तेव्हा सोफा अंगणात, टेबल अंगणात, टेबलावर वायर लोंबणारा कॉम्प्युटर, आणि आतून हंबरडा, "कपेंब्वा, आम्हाला टाकून कुठं गेलात हो!"

"संडासात!" कपेंब्वा ओरडले. "आणि वायर कुणी काढली? सत्त्याण्णव टक्के झालं होतं!"

दोघी किंचाळल्या, एक चक्क बेशुद्ध पडली. सिचोने चिडले. "अहो, पिठाचं पोतं आणलंय आम्ही! कोळसा पेटवलाय!"

"मरतो हवं तर. पण आधी तो कॉम्प्युटर आत ठेवा!"

मग सगळे हसत सुटले. आणलेल्या पिठाची उकड शिजली, कुणीतरी पालेभाजी केली, कपेंब्वांच्या बायकोचे किस्से निघाले. लग्नघरून धावत आलेल्या म्विलाच्या आईच्या फोनवर कसोंडे आधी रडली, मग बापावर यथेच्छ ओरडली. बायको गेल्यापासूनच्या दोन वर्षांत त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता. कपेंब्वांनी आठवडाभराचं जेवण एका बैठकीत जेवून घेतलं.

संध्याकाळी पुरुषांनी सामान आत लावलं, शेगडी विझवली.

"सिचोने, मी खरंच गेलो असतो तर किती दिवस थांबला असता?"

"माती देईपर्यंत. तीन-चार दिवस सहज."

जिवंत राहून आपलं नुकसानच झालं, असं कपेंब्वांना मनापासून वाटलं.

एकेक करत सगळे गेले. मागं राहिली म्विलाची आई. कसोंडेनं तिला बजावलं होतं, "ती तपासणी पुरी होईपर्यंत बाबांना एकटं सोडू नका." यंत्र पुन्हा पहिल्यापासून लागलं होतं. ती चपला काढून सोफ्यावर बसली आणि लग्नघरचं भांडण सांगू लागली. विहीणबाईंनी भर मांडवात काय तोंड सोडलं म्हणता!

भांडण ऐन रंगात आलं, आणि कपेंब्वांच्या मागं पडदा उजळला. तपासणी पूर्ण. डिस्क ठणठणीत.

कपेंब्वांनी खुर्ची हळूच सरकवून पडदा पाठीआड केला.

"झालं का हो त्याचं?" म्विलाच्या आईनं विचारलं.

"छे, आत्ता कुठं निम्मं. तुम्ही सांगा, मग विहीणबाई काय म्हणाल्या?"