ताई उभी आहे!

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. एक भलंमोठं सभागृह डोळ्यांसमोर आणा. छत इतकं उंच की वर बघता बघता मान अवघडावी! खुर्च्यांच्या रांगा मोजायला गेलात तर मध्येच झोप लागावी! हे विद्यापीठाचं सभागृह. आणि आमची थोरली नात विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षपदाला उभी होती!

का उभी होती? विद्यापीठाची अभ्यासिका संध्याकाळीच बंद व्हायची. दिवसभर औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या आमच्या नातीसारख्यांनी वाचायचं कुठे? जिन्यातल्या दिव्याखाली! ती अभ्यासिका रात्रीही उघडी ठेवायची, हाच तिचा ध्यास.

धाकटी नात टिकली सहा वर्षांची. तिने विचारलं, "आजोबा, ताई उभी आहे म्हणजे?"

मी जन्मभर शिकवत आलेला माणूस! चंद्र का वाढतो तेसुद्धा मी चुटकीसरशी समजावतो. म्हटलं, "सोप्पं आहे! निकाल लागेपर्यंत ताईने उभं राहायचं. मध्येच बसली तर सगळं संपलं! आणि पडली तर अध्यक्षपद दुसऱ्याला!"

टिकलीचे डोळे बशीएवढे झाले. काय समजावतो मी, वा!

मतदानाच्या दिवशी सकाळी ताई चहाला बसणार, तोच टिकलीने खुर्ची मागे ओढली. धप्प!

"पडली! ताई पडली!" टिकलीने टाहो फोडला.

"अगं कार्टे, तूच पाडलंस!" सूनबाई ओरडल्या.

"ताई, ऊठ लवकर! अजून कुणी बघितलं नाही!"

विद्यापीठाकडे जाताना बसमध्ये एका भल्या बाईंनी सरकून ताईला जागा दिली. "ये गं, बस."

"नाही बसायचं तिने!" टिकली आडवी आली.

बाईंनी मला हळूच विचारलं, "काय झालंय हो हिला?"

"उभी आहे ती," मी अभिमानाने म्हणालो.

"अगंबाई! कधीपासून?"

"पंधरवडा झाला."

बाईंनी पिशवीतून मलमाची डबी काढून माझ्या हातात कोंबली!

सभागृहात मतदानाआधी भाषणं होती. प्राध्यापक म्हणाले, "उमेदवारांनी बसून घ्यावं." ताईविरुद्ध उभा असलेला चष्मेवाला हसून म्हणाला, "बसतेस ना?"

"आजोबाऽऽ! ताई बसतेय!" टिकली बाणासारखी मंचावर घुसली आणि ताईच्या खुर्चीवर स्वतःच ठाण मांडून बसली.

"बाळ, खाली ये," प्राध्यापक म्हणाले.

"नाही! ताई बसली तर सगळं संपलं! आजोबांनी सांगितलंय! ते बघा, ते आजोबा!"

अख्खं सभागृह माझ्याकडे वळलं. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागलो. पायात चपला होत्या!

हशा थांबेना. तेवढ्यात ताईने माइक हातात घेतला. "बहिणीचं ऐकते, उभ्यानेच बोलते. तशी सवय आहेच. अभ्यासिकेला कुलूप लागलं की आपण जिन्यात उभं राहूनच वाचतो ना?"

मग मागच्या रांगेतून एक टाळी, आणि मग असा कडकडाट की छत वर उचललं गेलंय की काय वाटावं! माझ्या मांडीवर अ, आ, इ शिकलेली ही पोर एवढी उंच कधी झाली?

दुपारी निकाल लागला. चष्मेवाला थोडक्या मतांनी निवडून आला.

"पडली रे बिचारी," शेजारी कुणीतरी हळहळलं.

मंचावर ताई ताठ उभी होती. तिने चष्मेवाल्याशी हात मिळवला, हसलीसुद्धा. फक्त खालचा ओठ जरासा थरथरला. आता टिकलीला काय सांगायचं? मी पुन्हा नसलेली नाडी बांधायला वाकलो!

पण टिकलीने मला काही विचारलंच नाही. ती धावत मंचावर गेली, ताईसमोर बसली, तिची सलवार गुडघ्यापर्यंत वर केली आणि नाक टेकेल इतक्या जवळून गुडघा बघितला. मग दुसरा बघितला. कुठेच खरचटलेलं नव्हतं. तरीही तिने गाल फुगवले आणि दोन्ही गुडघ्यांवर हळूच फुंकर घातली.