पाठमोरा पंच

पुंजाजीभाऊ टीव्हीकडे पाठ करून बसत. टीव्ही त्यांचा, खोली त्यांची, छपरावर बांबूला बांधलेला अँटेना त्यांचा. पण दर शुक्रवारी संध्याकाळी ती खूनखराब्याची हिंदी मालिका सुरू झाली, की हा गृहस्थ स्टूल फिरवायचा आणि आमच्याकडे तोंड करून बसायचा. पडद्यावर सुरी निघाली, की आम्ही सुरीकडे पाहत असू आणि पुंजाजीभाऊ आमच्याकडे.

त्या काळी अख्ख्या जानेफळात मोजून तीन टीव्ही होते आणि आमच्या गल्लीत हा एकच. भाऊंचा मुलगा नागपूरला नोकरीला. त्याला गावी यायला जमत नसे, म्हणून त्याने टीव्ही पाठवला. भाऊंनी खोकं उघडण्याआधी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "संशयाले जागा आहे."

हे त्यांचं पालुपद. भाऊ तीस वर्षं पोलीस ठाण्याचे ठरलेले पंच. हद्दीत चोरी होवो, मारामारी होवो, विहिरीत कोणी सापडो, पंचनाम्याखाली पहिली सही पुंजाजीभाऊंची. त्या सह्यांनी त्यांचा स्वभाव पार नासवून टाकला. मेहकरची एसटी वेळेवर आली, संशयाले जागा आहे. दूध घट्ट निघालं, संशयाले जागा आहे. मी या गावात मास्तर म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच दिवशी त्यांना नमस्कार केला, तर आशीर्वाद राहिला बाजूला, "एवढे काऊन वाकून राह्यले, मास्तर?" म्हणून विचारलं.

खरं सांगतो, मला हा माणूस आवडत नसे. हा नक्की ठाण्याचा खबऱ्या असणार, अशी माझी खात्री होती. नाहीतर घरचा टीव्ही सोडून बावीस माणसांची तोंडं कोण बघत बसतो? मी एकदा तसं विचारलंही.

"मेलेला काय, दिसतेच," भाऊ म्हणाले. "पाहणारा पाहा लागते. कोनाच्या मनात काय शिजून राह्यलं, ते तोंडावर दिसते."

मालिका संपली की जबानी सुरू. "मास्तर, गोळी सुटली तवा तुम्ही पुढं सरकले. काऊन?" माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या हे सांगूनही भाऊंनी ते मनावर घेतलं नाही. एका भागात दोरानं गळा आवळला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ गल्लीतल्या भीमरावाच्या विहिरीवर हजर. "नवा दोर आनला म्हणते. जुन्याले काय झालं होतं?" बिचाऱ्या भीमरावानं जुना दोर शोधून काढला, कुठे तुटला ते दाखवलं, तेव्हा सुटका झाली.

आणि एवढं सगळं करून प्रत्येक भागानंतर निकाल ठरलेला. "हे घरच्या बायालेकराईनं पाहासारखं नाही. खून कसा करा ते घरात आणून शिकवून राह्यले हे लोकं!" आम्ही माना डोलवायचो आणि पुढल्या शुक्रवारी बसायला तरट घेऊन पुन्हा हजर व्हायचो.

उशीच्या भागानं मात्र घात केला. त्या भागात एक बाई झोपलेल्या नवऱ्याच्या तोंडावर उशी दाबते. खोलीत सगळ्यांचे श्वास अडकलेले, आणि नेमकी त्याच वेळी कमल हसली. कमल म्हणजे माझ्या शेजारच्या नामदेवची बायको. तिचा नवरा समोर टीव्हीखालीच तोंड उघडं टाकून घोरत होता, म्हणून तिला हसू फुटलं. पण नामदेव होता भाऊंच्या पाठीमागच्या कोपऱ्यात. भाऊंना दिसलं ते फक्त हसणं.

सकाळी ते नामदेवच्या दारात. "नामदेव, घरात उशा किती?"

"दोन."

"दोन्ही तुह्याजवळ ठेवत जा."

नामदेव सांगितलेलं ऐकणारा माणूस. दोन रात्री तो दोन्ही उशा पोटाशी धरून झोपला. तिसऱ्या दिवशी कमलनं कारण काढून घेतलं आणि मग गल्लीत जो दणका उडाला, तो मालिकेत कधी पाहिला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी सगळी गल्ली भाऊंच्या ओट्यावर जमली. बोलायला मला पुढे केलं. मलाही खुमखुमी होतीच. मी अगदी गोड आवाजात म्हणालो, "भाऊ, तुमचं म्हणणं आम्हाला पटलं. ही मालिका घरच्यांनी एकत्र बसून पाहण्यासारखी नाही. उद्यापासून कोणी येणार नाही."

मला वाटलं, म्हातारा खूश होईल. भाऊंनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"तशी एवढी वाईट नाही ते," ते म्हणाले. "खुनी सापडतेच ना शेवटी. लेकराईले समजते, पाप लपत नाही म्हणून. अन् तो इन्स्पेक्टर, मोठा सज्जन मानूस आहे."

कमल पदर खोचून पुढे आली. "मामाजी, तो सज्जन आहे का बदमाश, तुम्हाले कसं मालूम? तुमची तर पाठ राह्यते तिकडं!"

ओटा खदखदून हसला. तीस वर्षं कोर्टात एकाही वकिलाला ज्यांना अडकवता आलं नाही, ते पंच कमलनं एका प्रश्नात अडकवले. मीही हसलो. भाऊ हसले नाहीत.

"हाव," ते म्हणाले. "एकबी भाग पाह्यला नाही मी. माही बुढी गेली त्याले चार वर्ष झाले. आठ दिवसात ह्या खोलीत मानूस येते ते शुक्रवारीच. मंग तेवढा वेळ मी डब्ब्याकडं काऊन पाहू?"

कमलनं खोचलेला पदर सोडला. भाऊच पुन्हा म्हणाले, "खून नका पाहू. मी डब्बा बंद ठेवतो. पण बसाले या."

मला माझी लाज वाटली. ते आमच्यावर पाळत ठेवत नव्हते असं नाही, चांगली ठेवत होते. माणसाकडे पाहायची दुसरी रीत त्यांना कोणी शिकवलीच नव्हती.

शुक्रवारी सगळे आले. टीव्हीवर पंचा टाकलेला होता. भाऊ या वेळी खाली, आमच्यातच बसले. पण बोलायचं काय, हे कोणालाच सुचेना. भीमराव दोनदा खोकला. कोणीतरी कापसाच्या भावाचं काढलं, ते तिथेच विरलं. शेवटी कमलच म्हणाली, "मामाजी, मामीजी कशा होत्या हो? मी लगन होऊन आली, तवा त्या नव्हत्या."

"बोलकी होती," भाऊ म्हणाले. "मी पंचनाम्यावरून आलो का मांगं लागे, काय झालं ते सांगा म्हणे. मी म्हणो, सरकारी काम आहे, बायकाईले सांगाचं नसते. मंग चुलीपाशी बसून बुढी आपलंच काहीबाही सांगत राहे." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "साऱ्या मुलखाचे जबाब कान देऊन ऐकले मी, मास्तर. बुढी काय सांगत होती, त्यातलं मले एकबी आठवत नाही."

मग कमल हळूच म्हणाली, "मामीजीले सांगाचं राह्यलं, ते आता सांगा ना."

भाऊंनी सांगायला सुरुवात केली. पहिलाच पंचनामा, बांधाच्या भांडणातला. त्यात कुऱ्हाड होती, तुरीच्या पेऱ्यात रक्ताचा माग होता, आणि लपून बसलेला सख्खा भाऊ होता. लेकरांनी ऐकावं असं त्यात काहीही नव्हतं. पण एकाही बाईनं आपलं लेकरू उठवून नेलं नाही, नामदेवसुद्धा जागा राहिला. भाऊ मात्र आमच्याकडे पाहत नव्हते. कोपऱ्यातल्या विझलेल्या चुलीकडे तोंड करून ते सगळं सांगत होते, अगदी बारकाव्यानिशी, काही न वगळता.