आपत्तीचा काना

पूर आला तर गाव रिकामं कसं करायचं, याची रंगीत तालीम खडकपिंपळ्यात सकाळी अकराला होती, आणि दहा वाजले तरी गावात कोणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ग्रामसेवक ढुंढिराज मात्र ग्रामपंचायतीच्या ओट्यावर येरझारा घालून चपला झिजवत होता. तालुक्याच्या साहेबांनी त्याला शब्द दिला होता, "तालीम झकास झाली, तर तुमच्या नाशिकच्या बदलीचं बघतो."

बायको संपदा नाशिकला नोकरीला. तीन वर्षांची अपूर्वा बापाला फक्त रविवारी बघायची. गेल्या रविवारी तिनं दार उघडलं आणि आत वळून ओरडून सांगितलं, "आई, ते काका आले!" हे ऐकून ढुंढिराजचा जीव तीळतीळ तुटला होता.

पण गाव हलेल तर शपथ. पुंजाबाबांचं म्हणणं साधं होतं. "नदीचं पानी दरसाल मारुतीच्या पायरीला शिवतं, अन् पाया पडून माघारी जातं. देवदर्शनाला आलेल्या पाव्हन्याला भिऊन पळायचं व्हय?"

सरपंच बायडाबाईंनीही हात टेकले होते. "भाऊसाहेब, हे गाव जेवनाच्या आवतनाला दोनदा बोलावल्याबिगर उठत नाय. तुमी त्याला पुरासाठी उठवताय."

शेवटचा उपाय म्हणून देवळावरच्या भोंग्यातून पुकारा करायचं ठरलं. ढुंढिराजनं शिपाई भिकाला मजकूर समजावला, 'आपत्ती निवारण पथक' हे शब्द तीनदा घोकून घेतले, आणि तेवढ्यात संपदाचा फोन आला म्हणून तो मागच्या परसात गेला. भिकानं तंबाखूची गोळी गालात सरकवली आणि माईक हातात घेतला.

आपत्ती हा शब्द भिकाच्या सात पिढ्यांत कोणी वापरला नव्हता. पूर म्हणत, पटकी म्हणत, जावई म्हणत, आपत्ती नाही. अपत्य मात्र साऱ्या गावाला पाठ होतं, कारण तिसऱ्या अपत्यापायी गेल्या खेपेला दोन मेंबरांची खुर्ची गेली होती. त्यामुळे भोंग्यातून जे बाहेर पडलं ते असं:

"ऐका हो! आज अकरा वाजता अपत्य निवारण पथक जीपमधून येत हाय! कातर, दोरी, पट्ट्या, समदं सामान संगती हाय! बाप्यांनी चावडीफुडं वळीनं हुबं ऱ्हावं! पाच मिंटाचं काम हाय, कुनी घाबरू नये! जे येनार नायत त्यान्ला घरातून उचलून नेन्यात येईल!"

क्षणभर गावात कुत्रंही भुंकलं नाही. मग पुंजाबाबांचा थोरला लेक अर्धी दाढी केलेल्या तोंडानं घराबाहेर उडाला. त्याच्यामागे शेजारी, शेजाऱ्यामागे सारी आळी. तालुक्याच्या रस्त्यानं जीप येणार, मागच्या अंगाला नदी. राहता राहिली टेकडी. पंच्याहत्तरीचे पुंजाबाबा काठी काखेत मारून सगळ्यांच्या पुढं.

"बाबा, तुमी कशापायी पळताय?" कोणीतरी ओरडलं.

"सरकारचा नेम हाय का काय!" पुंजाबाबा न थांबता म्हणाले. "धरलं की धरलं!"

इकडे त्यांच्या सुनेनं, भागीबाईनं, हातातलं पीठ झटकलं. "आमच्या पोटाला नसबंदीचे टाके पडले तवा हे बाहेर चा पीत बसले व्हते! आता यांची पाळी आली तर पळत्यात! धरा गं!" बघता बघता साऱ्या बाया लाटणी घेऊन टेकडीला लागल्या. बायांमागे पोरं, पोरांमागे शेळ्या.

ढुंढिराज फोन ठेवून पुढं आला, तर गावात तो, बायडाबाई आणि कुठल्याशा चुलीवर करपणारी भाकरी. आणि समोर जीप.

साहेब उतरले. "लोक कुठे आहेत?"

 बायडाबाईंनी टेकडीकडे बोट दाखवलं.

"अहो, सगळं गाव वर!" साहेब हरखले. "म्हातारे सुद्धा! शेळ्या सुद्धा! आणि त्या बाया मागून सगळ्यांना वर हाकताहेत. महिला पथक! वा! आणि एक बाई गड्याला कॉलरला धरून ओढतेय, तो जखमी असणार."

"व्हईल आता," बायडाबाई म्हणाल्या.

साहेबांनी ढुंढिराजला मिठीच मारली. "असं काम मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही! बदलीचं डोक्यातून काढा. तुम्हाला हलवून मी या गावाचा घात करू? निवृत्त होईपर्यंत तुम्ही इथंच!"

ढुंढिराजला रडूच कोसळायचं बाकी होतं. त्या रविवारी अपूर्वानं त्याला पाण्याचा पेला आणून दिला. "बसा काका," ती म्हणाली.

भिकानं काय पुकारलं ते ढुंढिराजला मागाहून कळलं, पण पथक रिकाम्या हातानं परत गेलं असंच गाव धरून बसलं. भाद्रपदात एका दुपारी फोन आला. वर डोंगरात ढगफुटी झाली होती. ढुंढिराजनं सायरन वाजवला. "भाऊसाहेबाचा भोंगा बिघडला जनू," लोक म्हणाले. तो दारोदार धावला. पुंजाबाबांनी त्याला ओट्यावर बसवलं. "पायरीला शिवंल अन् जाईल. चा घ्या."

पाणी पायरीला शिवलं, पण गेलं नाही. ते मारुतीच्या गुडघ्याला लागलं. बुडू दे मेल्यांना, असं ढुंढिराजच्या मनात येऊन गेलं. ज्या गावानं आपली लेक आपल्याला परकी केली, त्याची कसली फिकीर? मग अंगणात ठिकरी खेळणाऱ्या भागीबाईच्या पोरी दिसल्या. धाकटी अपूर्वाएवढीच होती. तो ग्रामपंचायतीकडे पळाला आणि माईक उचलला.

"अपत्य निवारण पथक आलंय! जीप वेशीवर आहे! या खेपेला डॉक्टर दोन आहेत!"

पाणी आळीत शिरलं, तेव्हा आळीत चिटपाखरू नव्हतं. टेकडीवर धापा टाकत सगळ्यांनी खाली पाहिलं. मारुतीच्या देवळाचा नुसता कळस दिसत होता, आणि पुंजाबाबांच्या घराची चार कौलं. लोकांनी हात जोडले. भागीबाईनं पोरींना उराशी घेतलं आणि हमसून हमसून रडली.

"बाबा, जीप वगैरे काही नाही," ढुंढिराज म्हणाला. "पूर आहे. ह्याला आपत्ती म्हणतात."

"मंग पूर आलाय म्हून सरळ सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. तुम्ही मला चहा पाजलात."

 पुंजाबाबा आपल्या बुडालेल्या घरावरची नजर काढून ढुंढिराजच्या कानाशी आले.

"पन भाऊसाहेब, ते पथक... नक्की नाय ना येनार?"