तीन पट्ट्यांचा भुंगा

जळकोटात किड्यांचा जाणकार एकच, आणि तो म्हणजे मी, नंदीश! शाळेत विज्ञान शिकवतो, घरात भुंगे जमवतो. बायको शिवलीला म्हणते, "लोक सोनं जमवतात, आमच्या नशिबी किडे!" म्हणू दे. यंदा उकिरड्यावर मला मरून पडलेला गेंड्या भुंगा सापडला आणि मी हरखून गेलो.

काय रूप! अंगठ्याएवढं धूड, डोक्यावर मागं वळलेलं शिंग, पाठीवर नव्या बुटासारखं चकाकणारं तपकिरी कवच. हे कवच म्हणजे पंखांची पुढची जोडी. उडायचे पातळ पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले! मी उजव्या कवचातून टाचणी घातली, सहाही काटेरी पाय पसरले आणि काचेच्या पेटीत बसवला. धाराशिवचे कीटकतज्ज्ञ महारुद्र सर बघायला येणार होते. त्यांना पसंत पडला तर जिल्हा प्रदर्शनात माझ्या नावानिशी मांडणार! शिवलीलाचं तोंड बंद करायची एवढीच संधी होती.

सर आले. पेटीवर वाकले आणि ओरडलेच, "नंदीश! पाठीवर हे तीन पांढरे पट्टे?"

मी बघितलं. खरंच तीन! कालपर्यंत एकही नव्हता. पण सरांचा आनंद बघून मोह आवरला नाही.

"हो सर, मला पहिल्याच दिवशी दिसले. म्हटलं, तुम्हीच ओळखावं."

"अहो, गेंड्या भुंग्याला पट्टे कुठं असतात? ही नवी जात आहे!"

"माझाही तोच अंदाज!"

"असले आणखी दिसले का?"

"चार-पाच तरी बघितलेत," मी ठोकून दिलं.

सरांनी थेट विद्यापीठात फोन लावला. मी शिवलीलाकडं बघून मिशीवर ताव मारला.

एवढ्यात पूजा आटोपून माझी आई, इरम्मा, विभूती घेऊन बाहेर आली. आमच्या घरात नवं काही आलं की तिच्या तीन बोटांतून सुटका नाही. मिक्सर सुटला नाही, स्कूटर सुटली नाही.

"नवं पाव्हणं दिसतंय," म्हणत तिनं सरांच्या कपाळावर तीन बोटं ओढली. "ह्येच्या भुंग्यालाबी सकाळीच लावली बगा. लई गरीब हाय, जरासुदिक हललं न्हाय!"

सरांनी कपाटाच्या आरशात स्वतःचं कपाळ बघितलं. मग भुंग्याची पाठ बघितली. फोन अजून चालूच होता.

"हॅलो," ते हळूच म्हणाले, "त्या जातीचा आणखी एक नमुना सापडलाय. मीच."

चहा पिऊन सर गेले. प्रदर्शनाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. शिवलीलानं मात्र काढला, आणि ती अजून काढतेच आहे!