बोगनवेलीचं पाणी

त्या सकाळी मी फार काही ठरवलं नव्हतं. एवढंच, की आज गच्चीवर जायचं नाही. बोगनवेल एक दिवस तहानलेली राहिली म्हणून मरत नाही. (माणसं तर आयुष्यभर तशी राहतात आणि वर नोकरीही करतात.)

ही बोगनवेल बाबांची. बाबा पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झाले. नोकरीत असताना त्यांनी सगळ्या शहराच्या शिव्या खाल्ल्या, की नळाला पाणी येत नाही. त्याची भरपाई आता एका कुंडीत चालली होती. सकाळी बादली, संध्याकाळी बादली, वरून खत. वेल पानांनी अशी माजली होती की गच्चीचं दार अर्धंच उघडायचं. फूल मात्र इतक्या वर्षांत औषधालाही नाही. बाबा रोज खोड नखाने खरवडायचे, ‘हिरवं आहे अजून’ म्हणायचे, आणि खाली येऊन माझ्याकडे बघायचे.

कारण मलाही त्यांनी असंच वाढवलं होतं. शाळेला क्लास, क्लासला दुसरा क्लास, दुधात कसली कसली पावडर. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी कॉलेज सोडलं.

“दोघांना काही म्हणून कमी केलं नाही,” बाबा वेलीकडे आणि माझ्याकडे हात करून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “आणि दोघंही ही अशी.”

मला एक वर्ष हवं होतं, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे काम शिकायला. बाबांना मला मामाच्या फरशीच्या गोदामात बसवायचं होतं. मामा म्हणजे ‘मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा’ या वाक्यापासून सुरू होणारा माणूस. तो कधीतरी माझ्या वयाचा होता यावर माझा विश्वास नाही.

तेवढ्यात ताईने नवा फ्लॅट घेतला आणि सामान लावून द्यायला आई-बाबा तिच्याकडे निघाले. रिक्षात बसता बसता बाबांनी निकाल दिला. “वेल जगवलीस तर वर्ष तुझं. मेली तर गोदाम.”

तर मी एक दिवस पाणी घातलं नाही. दुसऱ्या दिवशी कालचं राहिलंय म्हणून लाज वाटली, म्हणून गेलो नाही. संध्याकाळी बाबांचा फोन.

“पाणी घातलंस?”

“घालतोय ना.” मी बाथरूममध्ये शिरलो, नळ सोडला आणि फोन खाली धरला.



“हा गच्चीवरचा नळ नाही,” बाबा म्हणाले. “त्याचा आवाज बारीक येतो. अर्ध्या इंचाचा पाइप आहे.”

“वर प्रेशर नाहीये बाबा. खालून बादली भरून नेतोय.”

“जिना चढून?”

“मग काय उडत?”

“शाब्बास.”

हा शब्द मी दहावीनंतर ऐकलाच नव्हता. शाब्बास ऐकल्यावर खरं बोलणं फार जड जातं. मग रोज संध्याकाळी मी बाथरूममध्ये उभा राहून बोगनवेलीला पाणी घालायला लागलो. फरशी अगदी स्वच्छ झाली.

एके दिवशी मामा उगवला. “तुझ्यासाठी टेबल रिकामं करून ठेवलंय. बघू तरी, वेल काय म्हणते.”

वेल काहीच म्हणत नव्हती. दार मात्र पूर्ण उघडलं, कारण अडवायला पानच उरलं नव्हतं. गच्चीभर पाचोळा, आणि मधोमध काट्यांचा खराटा.

“अरेरे,” मामा म्हणाला. तेराव्याला जेवायला बसलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा त्याचा चेहरा होता, दुःखी आणि भुकेला. “डबा घरूनच आण हं. आमच्याकडे कँटीन नाही.”

तो गेल्यावर मी खोड नखाने खरवडलं. आत हिरवं होतं. गच्चीवरच्या नळाला पाइप लावून कुंडी अशी भिजवली की पाणी जिन्यापर्यंत गेलं. त्या काट्यांची माफी मागितली. (कॉलेज सोडताना प्राचार्यांचीही मागितली नव्हती.) मग दार लावलं ते लावलंच. पुन्हा वर जायची हिंमत झाली नाही.

तिकडे ताईच्या बिल्डिंगच्या टाकीला गळती निघाली. बाबा ती सोडून कसले येतायत? मुक्काम लांबला. गळतीचे माझ्यावर उपकार आहेत, पण तेही संपले.

बाबा आले ते मामाला सोबत घेऊनच. बातमी पोचलेली होती. चपलांसकट सगळे सरळ वर. मी मागून, फासावर जाणाऱ्याच्या चालीने.

दार उघडलं. वेलीवर पान दिसत नव्हतं. सगळी गुलाबी. कठड्यावर, टाकीवर, शेजाऱ्यांच्या अँटेनावर, जिथे हात पोचेल तिथे फुललेली.

“ही दुसरी आणलीय यानं,” मामा म्हणाला.

“माझीच आहे.” बाबांनी खोडाला हात लावला. “ही तार मी बांधलेली.” त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. “काय घातलंस हिला?”

“काही नाही.”

एकदा सोडलेला पाइप वगळला तर कित्येक दिवसांतलं माझं हे पहिलं खरं वाक्य. बाबांना तो विनय वाटला.

आई मात्र कोपऱ्यात वाकली होती. “अहो, ही गच्चीवरची बादली मी जाताना पालथी घातली होती. तशीच आहे. आत कोळ्याने संसार मांडलाय.”

बाबांनी बादलीकडे बघितलं, वेलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला डब्यातली भाजी दिसायला लागली.

“म्हणजे इतकी वर्षं मीच...” बाबा कठड्यावर बसले.

“मी कधीची सांगतेय, जरा सोडा एकटं.”

“हिला?”

“दोघांना.”

बाबा कठड्यावरून उठले. मग म्हणाले, “वेल जगली आहे. वर्ष तुझं.”

मामा टेबलाबद्दल काहीतरी पुटपुटत जिना उतरला. मी इतका मोठा श्वास सोडला की दोन फुलं गळली. बाप शब्दाचा पक्का निघाला, हे त्यांच्याबद्दल मी पहिल्यांदाच लिहितोय. त्या रात्री मेल्यासारखा झोपलो.

सकाळी उठलो तर माझा चहा नव्हता. मोबाइलचा रिचार्ज संपलेला, गाडीत पेट्रोल नाही, पाकिटात नेहमीची नोट नाही.

“बाबा, हे काय?”

“पाणी तोडलंय,” बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले. “पानं गळतील थोडी. घाबरायचं नाही.”

आता मी गॅरेजला चालत जातो. गॅरेजवाला चहा देतो, पण आधी ग्रीसने माखलेले पाने धुवायला लावतो. आणि रोज सकाळी बाबा माझ्या दंडाला नख लावून बघतात आणि आत आईला ओरडून सांगतात, “हिरवा आहे अजून. आजही काही देऊ नकोस.”